बर्कनहेड की मेदूसा?

परभणीच्या आमच्या वाचक मंडळात बुडालेल्या जहाजांवर बोलायचंय. 'बर्कनहेड' हे ब्रिटिश सैनिकांना नेणारं जहाज १८५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ खडकावर आपटलं. सैनिक डेकवर रांगेत उभे राहिले, बायका-मुलं बोटींतून वाचली. थोर गोष्ट, पण तिथेच संपते.

१८१६ ची फ्रेंच 'मेदूसा' मात्र मला सोडत नाही. कप्तान वशिल्याचा, वीसेक वर्षं समुद्रावर न गेलेला. जहाज रुतलं तसे वरिष्ठ बोटींत बसले आणि सुमारे दीडशे माणसं तराफ्यावर. बोटींनी ओढायचा दोरही सोडला! मग मारामाऱ्या, तहान, नरमांससुद्धा. तेरा दिवसांनी १५ जण जिवंत सापडले. पाणी आधी कुणाला, हा प्रश्न टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मराठवाड्याला समजावून सांगावा लागत नाही. मी मेदूसाच घेणार.