जुन्या डिफेंडरला तापणारी काच: एका अख्ख्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

मी मूळची मिरजेची. गेली अकरा वर्षं स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, ग्रँटाउन-ऑन-स्पे या गावात राहते आणि घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणारी नर्स म्हणून काम करते. गाडी १९९७ ची लँड रोव्हर डिफेंडर ९०, ३०० टीडीआय या डिझेल इंजिनवाली. गेल्या ऑक्टोबरात तिची पुढची काच काढून आत तापणाऱ्या तारा असलेली काच बसवली. आता एप्रिल संपत आलाय. एक हिवाळा पूर्ण काढल्यावरच लिहायचं, असं ठरवलं होतं.

आधी गरज सांगते, कारण त्याशिवाय एवढा खटाटोप का केला ते कळणार नाही. माझी सकाळची पहिली भेट बहुतेक वेळा इन्शुलिनची असते. रुग्ण आजी न्याहारीसाठी थांबून बसलेल्या असतात. मी पोचून सुई दिल्याशिवाय त्यांना खाता येत नाही. डिसेंबरात इथे पावणेनऊ वाजून गेल्यावर उजाडतं, म्हणजे सातला निघताना काळोख असतो. गाडी उघड्यावर उभी, काचेवर दहिवर गोठून पांढरा थर. डिफेंडरचा हीटर आधीच अशक्त, त्यात हे डिझेल इंजिन तापायला फार वेळ घेतं. काचेवर ऊब पोचेपर्यंत निम्मा रस्ता झालेला असतो. आणि बाहेरचा बर्फ खरवडून काढला तरी आतल्या बाजूला आपल्याच श्वासाचा बर्फ जमतो. ओले बूट, ओला कोट आणि माणसाचा श्वास. हा आतला बर्फ स्क्रेपरने धड निघत नाही, नुसता पसरतो.

इंजिन चालू ठेवून घरात चहा पीत थांबणं हा मार्ग नाही. सार्वजनिक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी सोडून जाणं इथे गुन्हा आहे. काचेला बशीएवढं भोक पाडून त्यातून बघत निघणंही कायद्यात बसत नाही. सगळ्या काचा स्वच्छ हव्यात. उकळतं पाणी ओतणारेही पाहिले आहेत. त्याने काच तडकते, तो प्रयोग कृपा करून करू नका.

तापणारी काच ही काही नवी गोष्ट नाही. फोर्डने युरोपात १९८५ च्या ग्रॅनाडा-स्कॉर्पिओपासून ती द्यायला सुरुवात केली, आणि इथले फोर्डवाले हिवाळा आला की तिचं कौतुक करताना थकत नाहीत. पुढची काच मुळातच दोन काचांची असते, मध्ये प्लास्टिकचा पडदा. त्या पडद्यात केसाहून बारीक तारा उभ्या टाकलेल्या असतात, वरखाली धातूच्या पट्ट्यांना जोडलेल्या. काचेचे डावा आणि उजवा असे दोन भाग, प्रत्येकाला वेगळी वीज. तारा आत बंद असल्यामुळे बाहेरून स्क्रेपर किंवा आतून फडकं फिरवलं तरी त्यांना काही होत नाही.

डिफेंडरचं एक बरं आहे, काच सपाट आणि रबरात बसवलेली. आजकालच्या गाड्यांसारखी चिकटवलेली नाही. शेजारचे एक निवृत्त मेकॅनिक मदतीला आले. जुनं रबर दगडासारखं झालेलं, ते सरळ कापून काढलं. काच निघाल्यावर चौकटीच्या खालच्या कडेला गंज दिसला. तो घासून, प्रायमर मारून, रंग वाळेपर्यंत दोन दिवस गाडी शेडमध्ये ठेवली. हे दोन दिवस धरूनच बेत आखा. नव्या रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत रबराची कड चौकटीवर चढवायची. काच बसायला पाऊण तास लागला. वीज जोडायला मात्र तीन दिवस लागले.

कुणी ही काच घ्यायचं म्हणत असेल तर माझं पहिलं सांगणं हेच: काच विकत घेणं सोपं आहे, तिला पोटभर वीज देणं हेच खरं काम आहे. तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा क्लॅम्प मीटर लावून मोजलं तर प्रत्येक भाग २३ अँपिअर ओढतो, दोन्ही मिळून ४६. साडेतेरा व्होल्टला हे सव्वासहाशे वॅटच्या आसपास जातं. माझ्या गाडीवर मूळचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, ६५ अँपिअरचा. त्यात हेडलाइट, ब्लोअर, वाइपर असं सगळं एकदम चालू, म्हणजे बेरीज सत्तरच्या घरात. शिवाय गाडी जागेवर उभी असताना अल्टरनेटर पूर्ण ताकदीने वीज देतच नाही, उरलेली बॅटरीतून जाते. आणि थंडीत बॅटरी आधीच मंदावलेली असते. पहिले दोन आठवडे मी जुन्याच अल्टरनेटरवर काढले. काच चालू केली की हेडलाइट पिवळे पडायचे. मग १०० अँपिअरचा बसवला आणि प्रश्न मिटला.

तारांच्या जाडीतही काटकसर नको. डिफेंडरची बॅटरी डाव्या सीटखाली असते, तिथून डॅशबोर्डपर्यंत बरंच अंतर पडतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, काचेपर्यंत १३.८ ऐवजी ११.८ व्होल्ट पोचले तर वरवर दोनच व्होल्ट गेले असं वाटतं, पण उष्णता सत्तावीस टक्के कमी होते. म्हणून ६ चौरस मिलिमीटरची तार, प्रत्येक भागाला वेगळा रिले (छोट्या संकेतावर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच), वेगळा ३० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, कारण तार मध्ये कुठे घासून उघडी पडली तर तीच आग लावते. रिलेला संकेत अल्टरनेटरच्या दिव्याच्या तारेवरून घेतला, त्यामुळे इंजिन चालू असेल तरच काच तापते. पाच मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमरही घातला. घाईच्या सकाळी बटण बंद करायचं राहून जातं आणि बॅटरी बसते, ते यामुळे होत नाही.

आता अनुभव. पहिल्या खऱ्या दहिवराच्या सकाळी, उणे चार अंशांत, बटण दाबलं आणि आत बसून बघत राहिले. पहिलं मिनिटभर काहीच झालं नाही. मग पांढऱ्या थरात अगदी बारीक उभ्या रेघा उमटल्या, कुणी नखाने ओढाव्यात तशा. बघता बघता त्या रेघा रुंदावल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि बर्फाचा थर काचेवरून सुटून खाली घसरायला लागला. अख्खा बर्फ वितळावा लागत नाही, काचेला चिकटलेला पातळ पापुद्रा पाणी झाला की बाकीचं वाइपर ओढून नेतो. सव्वातीन मिनिटांत समोरचा रस्ता स्वच्छ. आतला श्वासाचा बर्फ तर त्याआधीच गेला होता. त्या दिवशी इन्शुलिनला दहा मिनिटं आधी पोचले.

उणे अकराला दोन वेळा बटण दाबावं लागलं, सहा-सात मिनिटं गेली. भुरभुरीत बर्फाचा जाड थर असेल तर आधी ब्रशने झाडून घ्या; तो वितळवत बसणं म्हणजे वीज वाया घालवणं. वाइपर गोठून काचेला चिकटले असतील तर ते मोकळे झाल्याशिवाय चालू करू नका, रबराची धार फाटते. पावसाळी दिवसांत आतून येणारी वाफ एका मिनिटात जाते, हा फायदा मी घेताना धरलाच नव्हता. आज विचाराल तर बर्फाइतकाच तोही मोलाचा वाटतो, कारण इथे बर्फापेक्षा ओलावा जास्त दिवस असतो.

फोनवर अप्पांना हे सांगितलं. अप्पांनी तीस वर्षं मिरजेहून मालट्रक चालवला. पावसात काचेवर पाणी धरू नये म्हणून ते तंबाखू चोळायचे, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. म्हणाले, “काय गं, काचेत कॉइल घातलीय म्हणतीस, मग रात्री समोरनं गाडी आली की दिसतंय का नीट?”

बरोबर जागेवर बोट ठेवलं त्यांनी. रात्री समोरून येणाऱ्या दिव्याला मिशा फुटतात, म्हणजे तारांमुळे त्याच्या बाजूंना प्रकाशाच्या रेघा दिसतात. जुन्या पिवळसर दिव्यांना कमी, नव्या पांढऱ्याशुभ्र एलईडीला जास्त, आणि पाऊस असला की सर्वांत जास्त. दिवसा तारा दिसतच नाहीत, डोळा रस्त्यावर असतो. पण हिवाळ्यातलं ऊन त्रास देतं. इथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम नऊ अंश चढतो, म्हणजे थेट डोळ्यांत, आणि त्या उन्हात एकेक तार चमकते. आठवडाभरात सवय होते असं सगळे सांगतात. ऊन आणि कोरडी रात्र यांची झाली. पावसाळी रात्रीची मला सहा महिन्यांनंतरही झालेली नाही, तेव्हा मी वेग कमी ठेवते. ज्यांचे डोळे रात्रीच्या झगमगाटाला आधीच त्रासतात, त्यांनी तापणारी काच असलेली कुणाची तरी गाडी पावसाळी रात्री चालवून बघावी आणि मगच पैसे घालावेत.

फेब्रुवारीत उजवी, म्हणजे चालकाची बाजू डावीपेक्षा मागे पडायला लागली. आधी अर्धं मिनिट, मग दोन मिनिटं. काच बिघडली या विचाराने पोटात गोळाच आला. मीटर लावला: डावीकडे २३ अँपिअर, उजवीकडे १५. फ्यूज ठीक, रिले ठीक, पण काचेच्या अर्थच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या टोकाला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर धरला तर चार व्होल्ट दिसले, तिथे शून्याच्या जवळ हवे. अर्थचा तांब्याचा लग (तारेच्या टोकाची कडी) आम्ही गाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला आवळला होता. दोन वेगळे धातू, वर रस्त्यावरच्या मिठाचं पाणी. उघडून पाहिलं तर पांढरी भुकटी साचलेली आणि तारेचं आवरण तपकिरी होऊन वितळलेलं. चार व्होल्ट गुणिले पंधरा अँपिअर, म्हणजे साठ वॅटच्या बल्बएवढी उष्णता त्या एका जोडात. काचेकडे जायची ती तिथेच जळत होती. आता दोन्ही भागांचे अर्थ जाड तारेने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेलेत. डिफेंडरवाल्यांनी हे पहिल्या दिवसापासून असंच करावं, पत्र्यावर विसंबू नये.

जानेवारीत टॉमिनटाउल गावाच्या रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकमागून एक खडा लागला. टवका सहा मिलिमीटरचा. एमओटी या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत चालकाच्या समोरच्या पट्ट्यात दहा मिलिमीटरपर्यंत चालतं, त्यामुळे रेझिन भरून काम भागलं, पण तिथली एक तार तुटली. तारा समांतर जोडलेल्या असल्याने बाकी सगळं तापतं, फक्त एक बोटापेक्षाही बारीक उभी रेघ मागे राहते. सगळी काच स्वच्छ होते आणि ती एकटी पांढरी उभी असते. वाइपरच्या दुसऱ्या फेरीत जाते.

खर्च: काच, रबर, तारा-रिले आणि दुरुस्त केलेला अल्टरनेटर मिळून साडेचारशे पौंडांच्या आत. मजुरी नाही, कारण शेजाऱ्यांनी घेतली नाही. त्यांच्या घरी दोन रविवार पुरणपोळी पोचली. विमा कंपनीला बदल कळवून ठेवला, तो कळवाच.

मी पुन्हा बसवेन का? बसवेन, आणि या वेळी अल्टरनेटर आधी बदलेन. सध्या दहिवर संपत आलंय, तरी परवा पहाटे उणे एकला बटण दाबावंच लागलं. मे महिन्यात डॅशबोर्ड पुन्हा उघडून सगळे जोड बघणार आहे, प्रत्येक लगवर ग्रीस भरणार आहे आणि डाव्या-उजव्या बाजूचे अँपिअर वहीत लिहून ठेवणार आहे, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात फरक पडला तर लगेच कळेल.