तयार सेटर आणायचा, की घरचाच ऑपरेटर घडवायचा?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत चाळीस-पन्नास माणसांचं सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनचं) युनिट असेल, तर पगाराचा आकडा मांडण्याआधी उत्पादकता कशी मोजायची ते ठरवा. पाळीला ठरलेल्या जॉबपैकी (म्हणजे मशीनवर बनणाऱ्या भागांपैकी) तपासणीत पास किती झाले, एवढंच बघा. मशीन किती तास फिरली यावर जाऊ नका. ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची नोंद, चुकला तरी ती फिरतेच.

तयार सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा अनुभवी माणूस, पहिल्या आठवड्यातच कामाला लागतो. ड्रॉइंग वाचतो, प्रोग्राममधली चूक पकडतो, फिनिश बघून इन्सर्ट (कापणारं पातं) बदलतो. घोळ होतो पगाराचा. समजा, नव्याला 28 हजार दिले आणि त्याच मशीनवर सहा वर्षं घासलेल्याला 21 हजार आहेत. ही बातमी चहाच्या टपरीवर पोचायला दोन दिवस पुरतात. जुने भांडत नाहीत. ओव्हरटाइमला नाही म्हणतात आणि फिक्स्चरची (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याची) खोड नव्याला सांगत नाहीत. मग रिजेक्शन त्याच्या नावावर चढतं. म्हणून तो रुजू होण्याआधीच जुन्यांच्या श्रेणी नीट लावून घ्या.

घडवण्याचा रस्ता लांबचा, पण तुम्ही त्यावर अर्धेअधिक आहातच. कंत्राटी धरून 30 किंवा जास्त माणसं असली, की 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिन्याला कमाल 1500 रुपये, उचलतं. खरा खर्च वेगळाच: शिकवणाऱ्या सेटरचा वेळ. तो वेळ दिला नाही, तर आयटीआयचा पोरगा वर्षभर जॉब चढवतो-उतरवतो आणि बटण दाबण्यापलीकडे काही शिकत नाही.

त्यासाठी कौशल्य तक्ता भिंतीवर लावा. आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात मशीन आणि चार पायऱ्या: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. तिसरी पायरी द्यायची ती सलग दहा जॉब मापात आणि सेटिंग ठरलेल्या वेळेत झाल्यावरच. पगारवाढ त्याच महिन्यात द्या. एप्रिलपर्यंत थांबवलीत, तर पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्याचा फोन आधी येतो. मूळ प्रमाणपत्रं अडकवून माणूस टिकत नाही, उगाच तक्रार ओढवते. ऑडिटच्या आदल्या दुपारी सुपरवायझरने सगळ्यांना ‘तीन’ भरून टाकलेला तक्ता मात्र न लावलेलाच बरा.

बेल कर्व्हचा, म्हणजे ठरावीक टक्के माणसांना कमकुवत ठरवायच्या पद्धतीचा, विचारही नको. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये तो सोडला. बारा माणसांच्या पाळीत दहा टक्के कमकुवत शोधायचे म्हणजे सव्वा माणूस!

एकाच मशीनवर सगळं काम तुंबलंय आणि ऑर्डर तीन महिन्यांत द्यायची आहे? तयार सेटर आणा, पण हाताखाली एक शिकाऊ द्या आणि त्याला शिकवणं सेटरच्या कामाच्या यादीत लिहून घ्या. एवढी घाई नसेल, तर घडवा; एका जागेसाठी दोघं घ्या, कारण एक जाणारच.

दोन्हीकडे राहण्याचा पत्ता विचारा. हिंगण्याला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, पण कामठीहून बुटीबोरीला सकाळच्या पाळीला येणारा मे महिन्याच्या उन्हात गळतो, मग तो कितीही हुशार असो.