घरचा अभ्यंग: नऊ महिने, चार तेलं आणि माझ्या पोटऱ्या

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीनवर, काम करतो. आठ तास उभं राहायचं आणि हात सतत कुलंटमध्ये, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवात. संध्याकाळी घरी येईपर्यंत पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. थंडीत बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, भाकरी मोडताना मीठ झोंबायचं. गेल्या नरक चतुर्दशीला आईने पहाटे अंगभर तेल लावून, उटणं चोळून न्हायला बसवलं. त्या दिवशी अंग जे हलकं झालं ते दोन दिवस तसंच राहिलं. मग वाटलं, हे वर्षातून एकदाच का करायचं?

सुरुवातच चुकली. कोपऱ्यावरच्या दुकानात 'तिळाचं तेल द्या' म्हटलं आणि त्यांनी दिलेली बाटली घेऊन आलो. चार दिवस लावलं. अंग चिकचिकत राहायचं आणि वास म्हणावा तर तिळाचा नव्हेच. पाचव्या दिवशी चष्मा लावून मागचं लेबल वाचलं. ते दिव्याचं तेल होतं, 'खाण्यास अयोग्य' असं बारीक अक्षरात छापलेलं. अशा तेलात दुसरी स्वस्त तेलं मिसळलेली असू शकतात. म्हणून तेल घेताना मी आता आधी मागची बाजू वाचतो. घटकांमध्ये 'लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' (म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) दिसलं की बाटली परत फळीवर. मॉलमध्ये चायनीज पदार्थांसाठी मिळणारं गडद तपकिरी तिळाचं तेलही घेऊ नका. ते भाजलेल्या तिळाचं असतं आणि अंगाला वास धरून बसतो.

मग लाकडी घाण्यावर गेलो. आता घाण्याला बैल नसतो, मोटर असते, पण उखळी लाकडाचीच. तीळ पडत होते, बाजूने पेंड निघत होती आणि धारेतून फेसाळ, गढूळ, पिवळं तेल खाली येत होतं. मालकाने बोटावर थेंब दिला. कच्च्या तिळाचा गोडसर वास, किंचित कडवट शेवट. घरी आणून आठ दिवस स्टीलच्या डब्यात हलवलं नाही. गाळ तळाशी बसला तसं वरचं नितळ तेल काचेच्या बाटलीत काढलं. मला लिटरला साडेचारशे पडले. अंगभर लावायला वीसेक मिली लागतं, म्हणजे रोज लावलं तर महिन्याला सहाशे मिली, पावणेतीनशे रुपये. तिळाच्या तेलाची एक मोठी जमेची बाजू म्हणजे ते इतर तेलांच्या मानाने उशिरा खवट होतं. माझी बाटली तीन महिने चांगली राहिली, अंधाऱ्या कपाटात.

महानारायण तेल वैद्यांनी सांगितलं म्हणून घेतलं. शतावरी, अश्वगंधा, बला अशा वनस्पतींचा काढा आणि दूध घालून तिळाचं तेल आटवलेलं असतं. जुन्या मापाने एक भाग कल्क (वाटलेल्या वनस्पतींचा गोळा), चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव, आणि पाणी पूर्ण उडेपर्यंत शिजवायचं. एवढी मेहनत म्हटल्यावर किंमत आलीच. मी पहिल्या उत्साहात ते अंगभर चोळायचो आणि शंभर मिलीची बाटली पाच दिवसांत संपवायचो. वैद्यच म्हणाले, 'अहो, हे दुखऱ्या जागेला लावा, बाकी अंगाला साधं तेल पुरे.' आता ते फक्त गुडघ्यांना आणि पोटऱ्यांना लावतो. आईच्या खांद्याला क्षीरबला: बला, दूध आणि तिळाचं तेल, एवढंच. त्याला उग्र वास नाही, म्हणून तिला आवडतं.

चौथं खोबरेल. थंडीत ते बाटलीतच गोठतं, चोवीस अंशांच्या खाली गेलं की झालं. पण मे महिन्यात तिळाच्या तेलाने माझ्या पाठीवर बारीक पुटकुळ्या आल्या, तेव्हा आठवडाभर सगळं बंद केलं आणि मग हलक्या हाताने खोबरेल सुरू केलं. ते मला सोसलं. गजकर्ण किंवा चिघळलेली जखम असेल तर मात्र कुठलंच तेल चोळू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नवं तेल मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबतो.

माझी पद्धत साधी आहे. कामावरून आल्यावर फक्त चहा घेतो, जेवण न्हाल्यावर. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतो, गॅसवर कधीच नाही. हातापायांच्या लांब हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष तेल लावायला सांगितलंय, पण मी जास्त वेळ तळपायांनाच देतो, दिवसभराचा भार त्यांनीच उचललेला असतो. अपचन असेल त्या दिवशी सुट्टी, तेही त्याच ग्रंथात आहे. तापातही लावत नाही. आधी मी तेल लावून लगेच अंगावर पाणी घ्यायचो, तर आई ओरडायची, 'अरे, जिरू दे की जरा!' तिचं बरोबर होतं. वीस मिनिटं थांबलं की साबण लागतच नाही, मसुराचं पीठ पुरतं.

काशाच्या वाटीने आई तळपाय घासून देते. वाटीखाली काळपट थर येतो, त्याला लोक 'उष्णता निघाली' म्हणतात. धातूत काम करणारा माणूस म्हणून सांगतो, कासं म्हणजे तांबं आणि कथील. तेल आणि घामाशी घासून तोच धातू काळवंडतो. पण पायाला आराम मिळतो आणि झोप छान लागते, म्हणून मी ते सोडलेलं नाही.

फायदा विचाराल तर पेरांच्या भेगा भरल्या आणि थंडीत पुन्हा उलल्या नाहीत. पोटऱ्यांचा ताण निम्म्याने उतरला असं मला वाटतं, पूर्ण गेला नाही. गुडघ्याची कटकट तशीच आहे, त्यासाठी व्यायाम लागतो.

एक त्रास मात्र कुणी आधी सांगितला नव्हता: मोरी. तेल आणि पीठ मिळून पाइपमध्ये लगदा झाला आणि जानेवारीत प्लंबर बोलवावा लागला. आता पीठ लावण्याआधी जुन्या धोतराच्या फडक्याने अंग पुसतो आणि पीठही बेताने घेतो. फरशीवर रबरी चटई टाकतो, कारण तेलाचा पाय एकदा घसरला होता. आणि ती फडकी दर आठवड्याला कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवायची. नाहीतर ती खवट होतात, बायकोने तशी दोनदा टाकून दिली.