लेखनिक पुरवणाऱ्या संस्थेच्या कामाबद्दल

पुण्यात दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणाऱ्या एका संस्थेत मी दोन वर्षांपासून स्वयंसेवक आहे. तिच्या कामाची पद्धत लेखनिक होऊ इच्छिणाऱ्यांना माहीत असावी, म्हणून हा अभिप्राय.

पूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेकडून जात असे. तिथे "पेपर तीन तासांचा आहे" एवढेच सांगितले जाई. अशा परीक्षार्थींना नियमाप्रमाणे दर तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास लागतात, हे मला परीक्षागृहात बसल्यावर कळले. अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती आणि माझी घाई शेजारी बसलेल्या मुलीला आवाजावरून जाणवत होती. शेवटी तिनेच विचारले, "ताई, हे उत्तर सोडून देऊ का?" ते उत्तर आम्ही पूर्ण केले, पण तिच्यावर तसे विचारायची वेळ माझ्यामुळे आली, याचे मला आजही वाईट वाटते.

सध्याच्या संस्थेत नाव नोंदवतानाच दोन पानी कागद हातात येतो. पहिल्या पानावर आमच्याकडून काय हवे ते आहे: परीक्षार्थी सांगेल तेच लिहायचे, आपल्या ज्ञानाची भर घालायची नाही, आणि येणे जमणार नसेल तर दोन दिवस आधी कळवायचे. दुसरे पान मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यावर संस्थेने स्वतःची बांधिलकी लिहिली आहे. विषय, माध्यम आणि जादा वेळ धरून एकूण तास आठवडाभर आधी कळवले जातात, आणि केंद्रप्रमुखांकडे परवानगीचे पत्र संस्थाच पोहोचवते. परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावे, असे 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत होते; 2025 मध्ये नव्या सूचना आल्या. लेखनिकाच्या शिक्षणाची अट संस्था आधीच तपासते आणि जास्त शिकलेल्यांना पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम देते. परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यासोबत तासभर सराव होतो. प्रश्न दोनदा वाचायचा का, कुठे थांबायचे, हे तिथेच ठरते.

उणीव एक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात, पण संस्थेच्या प्रमाणपत्रात सरावाचा तास धरला जात नाही. मी हे सांगितल्यावर समन्वयक ताईंनी लगेच दुसऱ्या पानाच्या समासात पेनाने नोंद केली. छापील कागदावर तो बदल अजून आलेला नाही.