श्वास पाहावा की नाम घ्यावे : थकलेल्या मनासाठी दोन वाटा

मनाला रोज थोडा विसावा मिळावा म्हणून काहीतरी नियमाने करायचे, एवढे ज्यांचे ठरले आहे, पण नेमके काय करायचे यावर जे अडून बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पर्याय पुष्कळ असले तरी सकाळी सव्वाआठची गाडी पकडून संध्याकाळी साडेसातला घरी परतणाऱ्या माणसाच्या हाती खरोखर टिकतील अशा दोनच गोष्टी मला आढळल्या. एक म्हणजे श्वासाकडे पाहत बसणे, ज्याला विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीच्या परंपरेत आनापान म्हणतात, आणि दुसरी म्हणजे नामजप. पहिली मी जवळजवळ दीड वर्ष केली आणि दुसरी गेली चार वर्षे करीत आहे. त्यामुळे माझे माप कोणत्या बाजूला झुकते हे वाचकांना लवकरच कळेल. तरीही आनापानाविषयी माझ्या मनात आदर आहे आणि तो शेवटपर्यंत राहील.

माझी अडचण काय होती ते आधी सांगायला हवे, कारण तुमची अडचण वेगळी असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो. मी नेरूळला राहतो आणि ठाण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात काम करतो. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात. त्याच्या आदल्या तीन-चार रात्री मला पहाटे तीनच्या सुमारास जाग येत असे आणि डोळे मिटलेले असतानाच आकड्यांची जुळवाजुळव सुरू होत असे. भीती किंवा दुःख असे काही नव्हते, मन फक्त थांबत नव्हते. ज्यांचे मन एखाद्या शोकाने किंवा जुन्या आघाताने थकले आहे, त्यांनी माझा अनुभव जपूनच घ्यावा. कित्येक आठवडे झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर श्वास आणि नाम दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे, किंवा निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. या दोन्ही साधना आजारावरचे औषध नाहीत.

आनापानाकडे मी वळलो त्याला आपल्या भागात कारणही आहे. ब्रह्मदेशातील मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली ही विद्या घेऊन भारतात आले आणि १९७६पासून इगतपुरीला त्यांचे मोठे केंद्र उभे राहिले. ठाणे आणि नवी मुंबईतल्या माणसाला कसारा घाट ओलांडला की ते गाठता येते. त्याहून जवळचे केंद्र बेलापूरच्या पारसिक टेकडीवर आहे. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसते, आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालते. पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहायचा असतो : नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठावरच्या चिंचोळ्या जागेत आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास जाणायचा, त्याला बदलायचे नाही, मोजायचे नाही, त्याला कोणताही शब्द जोडायचा नाही. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक सुरू होते आणि दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणे होते. मौन आणि मोबाइल जमा करणे यांचा मला मुळीच त्रास झाला नाही, उलट त्या दहा दिवसांतली ती सर्वांत मोठी विश्रांती होती असे आजही वाटते.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय ठरला तिच्याकडे येतो.

मी श्वासाकडे पाहिले की श्वास माझ्या हातात येतो. पहिला श्वास आपोआप येतो, दुसऱ्याला मी पाहतो आहे हे जाणवते आणि तिसरा मीच घेतलेला असतो. तो किंचित लांबतो. तो लांबला हे लक्षात आले की मी त्याला सोडून देण्याचा प्रयत्न करतो, आणि सोडून दिले की पुढचा श्वास येतच नाही. मी वाट पाहतो, छातीच्या मधोमध एक दाब जमू लागतो आणि अखेर मीच तो ओढून घेतो. त्यानंतर जांभई येते, मग आणखी एक. पंधरा-वीस मिनिटांनी मन आकड्यांतून बाहेर आलेले असते हे खरे, पण ते श्वासाच्या व्यवस्थापनात गुंतलेले असते. दिवसभर कार्यालयात जे करायचे तेच येथेही सुरू राहते : देखरेख ठेवायची, चूक शोधायची आणि दुरुस्त करायची.

ही तक्रार मी शिबिरात दुपारच्या भेटीच्या वेळी सहायक आचार्यांसमोर ठेवली होती. त्यांनी अतिशय शांतपणे सांगितले की श्वास लांबला असेल तर लांबला आहे एवढेच जाणा, त्याला सुधारू नका. उत्तर बरोबर होते. घरी परतल्यावर वर्षभराहून अधिक काळ रोज सकाळी अर्धा तास मी त्याच सूचनेप्रमाणे बसलो आणि अधूनमधून काही दिवस ती मला साधलीही. पण ज्या रात्री गरज सर्वांत जास्त असे, म्हणजे १९ तारखेच्या रात्री, त्याच रात्री ती हमखास निसटत असे. पहाटे तीनला अंथरुणात श्वास पाहू लागलो की पाच मिनिटांत मी उठून बसलेला असे आणि छातीवर हात ठेवून श्वास पुरतो आहे ना हे तपासत असे. विसाव्यासाठी धरलेल्या साधनेने झोपेतून पूर्ण उठवावे, हे मला फार लागले.

यामागचे कारण मला पुढे कळले, आणि ते तसे साधे आहे. श्वास हे आपल्या शरीरातले एक विलक्षण काम आहे. ते आपोआपही चालते आणि मनात आणले तर आपल्या ताब्यातही येते. हृदयाचे ठोके किंवा अन्नाचे पचन असे मनात आणून ताब्यात घेता येत नाही. त्यामुळे ज्याला देखरेखीची सवय जडली आहे अशा माणसाने लक्ष दिले की ते काम स्वयंचलित राहत नाही. नामाचे तसे नाही. नाम मुळातच मी घेतलेले असते, ते आपोआप चालणारे काही नसतेच, त्यामुळे माझ्या पाहण्याने त्यात बिघडण्यासारखे काही उरत नाही. मन दुसरीकडे गेले तर नाम सुटते, लक्षात आले की पुन्हा घ्यायचे, बस.

आई गेल्यानंतर तिची तुळशीची माळ घरात होती. ती देवघराच्या खणात गुंडाळून ठेवलेली होती आणि मी ती कधी हातात घेतली नव्हती. फेब्रुवारीतल्या एका अशाच पहाटे उठलोच होतो म्हणून ती काढली. मणी झिजून गुळगुळीत झालेले होते आणि दोऱ्याला एके ठिकाणी तिनेच मारलेली गाठ होती. आई करीत असे तशी मधल्या बोटावर माळ धरून, तर्जनी न लावता, अंगठ्याने एकेक मणी मागे घेत 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणू लागलो. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी घरोघरी पोहोचवलेला हा तेरा अक्षरांचा मंत्र आमच्याकडे लहानपणापासून कानावर होता. मेरुमण्यापाशी, म्हणजे माळेच्या टोकाच्या मण्यापाशी पोहोचलो, तो न ओलांडता माळ उलटी फिरवली आणि दुसऱ्या माळेच्या मध्यावर कधीतरी लक्षात आले की श्वास खूप संथ झालेला आहे. मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते.

हा केवळ माझ्या श्रद्धेचा भाग आहे असे कोणाला वाटेल, म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो. मोठ्याने किंवा ओठांतल्या ओठांत जप करताना शब्द उच्छ्वासावरच उमटतात. साहजिकच उच्छ्वास लांबतो आणि श्वास मंदावतो. उच्छ्वासाच्या काळात हृदयाची गतीही किंचित उतरते. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी माणसांवरचा एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लॅटिनमधली माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र, या दोन्हींच्या उच्चाराने श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली होती. माझी एक माळ साधारण सात मिनिटांत होते आणि एका उच्छ्वासात मंत्र दोनदा बसतो, म्हणजे हिशेब त्याच्या जवळपासच येतो. तेवीस माणसांच्या अभ्यासावर कोणी इमारत उभी करू नये, पण आईच्या पिढीला जे हाताने ठाऊक होते त्याला त्यातून दुजोरा मिळतो, असे मला नम्रपणे वाटते.

प्रवासातही हाच फरक जाणवला. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत नेरूळहून चढलो आणि बसायला मिळाले नाही तरी बोटांच्या पेरांवर जप चालू राहतो. तुर्भ्याला गर्दी आत येते, घणसोलीला दार गाठण्यासाठी धक्काबुक्की होते, रबाळे-ऐरोलीला उतरणारे उतरतात, आणि या सगळ्यात नाम सुटले तरी पुन्हा पकडता येते. त्याच डब्यात श्वास पाहण्याचा प्रयत्न मी केला आहे. कोणाच्या तरी पिशवीचा कोपरा बरगडीत रुतलेला असताना वरच्या ओठावरचा सूक्ष्म स्पर्श शोधणे मला जमले नाही. ज्यांना जमत असेल त्यांना माझा नमस्कार.

आनापानाच्या बाजूने जे सांगायला हवे ते मात्र पूर्ण सांगतो. आमच्याच कार्यालयातले एक सहकारी, घणसोलीला राहणारे, गेली कित्येक वर्षे सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसतात आणि त्यांच्यासारखा स्थिर माणूस मी क्वचितच पाहिला आहे. माझी हकीकत ऐकल्यावर ते म्हणाले, "साहेब, मला उलटं होतं. नाव घेतलं की कुणाकडे तरी काही मागतोय असं वाटायला लागतं. श्वास कुणाचा नाही, म्हणून बरा." हे म्हणणे वजनदार आहे. ज्यांना देवाचे नाव घेणे मनापासून पटत नाही, त्यांनी केवळ माझ्या शिफारशीवरून ते घेऊ नये, नाहीतर दर मण्याला मनाशी वाद होईल. शिवाय श्वासाला शब्द न जोडण्यामागे गोएंकांचे कारण स्पष्ट होते. शब्दाने मन लवकर एकाग्र होते हे ते मान्य करीत, पण त्यांचे उद्दिष्ट एकाग्रतेच्या पुढे, म्हणजे शरीर-मनात जे घडते ते जसेच्या तसे पाहण्याचे होते. राग का येतो, हव्यास कुठे उठतो, याचा मुळापासून शोध घ्यायचा असेल तर ती वाट अधिक खोल जाते, हे मी दहा दिवसांच्या तोकड्या अनुभवावरूनही सांगू शकतो. मला हवा होता तो विसावा, शोध नव्हे.

जपातही एक दोष आहे आणि तो लहान नाही. सहा-आठ महिन्यांनी जीभ इतकी सरावते की ओठ नाम घेत राहतात आणि मन खुशाल ताळेबंदात फिरून येते. त्यातून माझ्यासारखा आकड्यांचा माणूस असेल तर आज किती माळा झाल्या, महिन्याच्या किती झाल्या, याची वही उघडण्याचा मोह होतो. मी ती उघडली होती आणि तिसऱ्या आठवड्यात बंद केली, कारण माळा वाढल्या आणि विसावा घटला. मन फारच भरकटले की मी पुन्हा मोठ्याने, म्हणजे वाचिक जपावर येतो. आपलाच आवाज कानावर पडला की मन परतते. थोडे स्थिरावले की उपांशु, म्हणजे केवळ ओठ हलतील इतपत, आणि अंथरुणात असेन तर मानस, म्हणजे मनातल्या मनात. पहाटे तीनला हल्लीही कधीकधी जाग येतेच. फरक एवढाच की आता मी उठून बसत नाही, आणि दुसरी माळ पूर्ण झाल्याचे मला बहुधा आठवत नाही.

ज्यांना निवड करायची आहे त्यांनी शक्य असेल तर जपापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. त्याला रजा लागत नाही, गुडघे धड असावे लागत नाहीत आणि तीन आठवड्यांत तो आपल्याला मानवतो की नाही हे कळते. श्वास पाहताना तो आपोआप चालू राहतो का, हेही घरीच एखाद्या निवांत सकाळी दहा मिनिटे बसून पाहता येईल. राहत असेल तर माझी अडचण तुमची नाही, आणि मग शिबिराचा अर्ज अवश्य भरावा. अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते, तिथे काहीही लपवू नये. जागा लवकर भरतात, म्हणून रजा मंजूर करून घेण्याआधी तारीख पक्की करावी. आणि जप सुरू केलेला असेल तर माळ घरीच ठेवून जावी, कारण शिबिराच्या काळात जप, माळ आणि इतर सर्व उपासना थांबवाव्या लागतात. हा नियम मला तेव्हा कडक वाटला होता. दोन्ही करून पाहिल्यानंतर तो योग्य वाटतो, कारण ओठांवर नाम असताना श्वास पाहताच येत नाही.