इतवारीत हवा आणि गर्दी मोजणारा बिनतारी संच

नागपुरातील इतवारीच्या किराणा ओळीतील काही व्यापाऱ्यांनी मिळून घेतलेला बिनतारी सेन्सरांचा संच उन्हाळा आणि पावसाळा या दोन्ही ऋतूंत पाहिल्यावर त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. त्यातील एक डबी गल्लीच्या तोंडाशी ये-जा मोजते, तर दुसरी हवेतील धूलिकण, तापमान आणि आर्द्रता नोंदवते. दोन्ही डब्या लोरा या कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओ पद्धतीने, भारतात परवान्याविना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून, आकडे पाठवतात. त्यामुळे सिमकार्ड लागत नाही आणि विजेची तारही ओढावी लागत नाही. डब्यांचे आकडे गोळा करून पुढे इंटरनेटवर पोहोचवणारा गेटवे मात्र उंच गच्चीवरच लावावा, कारण इतवारीतल्या दाटीवाटीत संचाच्या विक्रेत्याने सांगितलेला कित्येक किलोमीटरचा पल्ला मिळत नाही.

हवेची डबी धूलिकणांवरून विखुरलेला लेझरचा प्रकाश मोजते आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधते. कोरड्या दिवसांत तिचे पीएम २.५ चे, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचे, चढउतार सिव्हिल लाइन्समधील शासकीय केंद्राच्या आकड्यांशी साधारण जुळतात. पावसाळ्यात मात्र कण ओलावा शोषून फुगतात आणि पाऊस नुकताच थांबलेला असताना, हवा स्वच्छ असूनही, आकडा वर जातो. आर्द्रतेची नोंद त्याच डबीत होत असताना तिच्या आधारे दुरुस्ती का केली नाही, हे अनाकलनीय आहे. पीएम १० ची, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची, गोष्ट आणखी वाईट. मिरचीची पोती उतरवली जात असताना सारी गल्ली खोकते, पण पडद्यावरचा आकडा जेमतेम हलतो, कारण अशा स्वस्त सेन्सरला जाड कण नीट दिसतच नाहीत आणि तो पीएम १० बहुतांशी बारीक कणांवरूनच ताडतो. शिवाय पीएम २.५ क्षणभर ६० च्या वर गेले की पडदा लाल होतो. ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही आपल्याकडची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीसाठी आहे, त्यामुळे एखादा टेम्पो धूर सोडून गेल्यावर ग्राहकांना घाबरवण्याचे कारण नाही.

गर्दी मोजण्याचे काम डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण करतो; तो अडला की एक माणूस मोजला जातो. खांद्याला खांदा लावून चालणारे दोघे त्याला एकच वाटतात, आणि हमालाची हातगाडीही त्याच्या लेखी माणूस ठरते. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर गल्ली इतकी भरली की किरण सतत अडलेलाच राहिला आणि एरवीच्या बाजाराच्या दिवसापेक्षाही कमी माणसे नोंदवली गेली. तरीही सकाळ-संध्याकाळची किंवा सोमवार-शनिवारची तुलना करायला ही मोजणी पुरेशी आहे, आणि कॅमेरा नसल्याने कोणाचा चेहरा टिपला जात नाही, ही मला सर्वांत आवडलेली बाब आहे. मोबाइलचे वाय-फाय संकेत मोजणारा महागडा प्रकारही विक्रेत्याने सुचवला होता. परंतु आताचे फोन स्वतःची ओळख बदलत राहतात, त्यामुळे एकच माणूस अनेकदा मोजला जाण्याचा धोका त्यात आहे.

गर्दीची डबी घेण्याजोगी आहे. हवेची डबी घेण्याआधी आर्द्रतेची दुरुस्ती, हवा आत ओढणाऱ्या पंख्याची सफाई आणि कच्चे आकडे उतरवून घेण्याची सोय या तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात. तो टाळाटाळ करू लागला तर ती घेऊ नये.