‘चार बोल्टचं हाय, बसतंय की ओ मालक’

दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे, २०२३ ची. माझी वॅगन-आर २०१४ ची, एलएक्सआय. तिला मूळच्या १३ इंची लोखंडी डिस्क (टायर ज्यावर चढवतात ती चाकं) आणि १४५/८० चे टायर. टायर गुळगुळीत झालेले, त्यात एक डिस्क सोलापुरात विजापूर रोडच्या खड्ड्यात वाकली. चारही टायर घ्यायचेच आहेत तर मॅग व्हीलच, म्हणजे ती ॲल्युमिनियमची नक्षीदार चाकं, टाकू, असं मनात आलं. खरं कारण, मेहुण्याच्या गाडीला आहेत. बायकोने ते लगेच ओळखलं.

दुकानाचं नाव घेत नाही. मालकाने गाडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, १४ इंची चार चाकं पुढे लोटली. ‘चार बोल्टचं हाय, बसतंय की ओ मालक.’ टायरसकट २२ हजार, माझा जुना सेट जमा करून २० हजार. पोरांनी जॅक लावला, हवेच्या गनने घर्र घर्र करत नट मारले, वीस मिनिटांत गाडी तयार. जुने नटही त्यांनी डिस्कबरोबरच ठेवून घेतले. हातात आला पाठकोऱ्या कागदावरचा आकडा, त्यालाच मी पावती समजलो.

गाडी मात्र झकास दिसत होती, हे कबूल करतो.

पुणे रोडला सत्तरच्या पुढे गेलो की स्टिअरिंग थरथरायचं. परत गेलो तर ‘बॅलन्सिंग करून घ्या’ म्हणाला. चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करतात ते. दुसरीकडे करून घेतलं, मशीनवर चारही चाकांचा फरक शून्य. रस्त्यावर थरथर तशीच. शिवाय मागे आई आणि दोन्ही पोरं बसली आणि खड्डा आला, की टायर मडगार्डच्या कडेला खर्रकन घासायचा.

भाऊबीज झाल्यावर आईला तुळजापूरला न्यायचं होतं. तामलवाडीच्या अलीकडे मागून डाव्या बाजूने टक... टक... टक असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की आवाजही वाढे. कडेला थांबून चाकाला हात लावला तर ते हललं. चारपैकी दोन नट बोटाने फिरत होते. आई मागच्या सीटवर ओटीच्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, ‘हवा गेली काय रं?’ विचारत होती.

पुढे एक पंक्चरवाले मामा भेटले. त्यांनी पान्याने नट काढला, तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरला. आत आट्यांऐवजी चकाकणारा लोखंडाचा भुगा. स्टडचेही, म्हणजे नट ज्या बोल्टवर बसतो त्याचेही, आटे चपटे झालेले. ‘हे नट ह्या गाडीचे न्हाईत. मारुतीचा आटा बारीक असतोय,’ मामा म्हणाले. मग त्यांनी चाक उतरवून हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या गोल भागावर, नुसतं टेकवलं आणि मधल्या भोकात दोन बोटं घालून दाखवली. हब आणि चाक यांच्यामध्ये बोट मावत होतं.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन बसलो, तेव्हा कळलं. दुकानदार एका गोष्टीत खरं बोलला होता. चार भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास मारुती, ह्युंदाई, होंडाच्या बहुतेक छोट्या गाड्यांना १०० मिमीच असतो. त्यामुळे चाक स्टडवर सरकतं आणि आपण ‘बसलं’ म्हणतो. गंमत पुढे आहे. मारुतीच्या हबचा व्यास ५४.१ मिमी, माझ्या मॅग व्हीलचं मधलं भोक ७३.१. मधे प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग लागते, ती त्याने घातलीच नाही. चाक नुसतं नटांवर टांगलेलं, म्हणजे केंद्रात नाही. बॅलन्सिंगचं मशीन चाक त्याच मधल्या भोकातून शंकूवर धरतं, म्हणून तिथे सगळं शून्य दिसतं. माझे बॅलन्सिंगचे पैसे असे गेले.

नटांचं असं, की मारुतीचा स्टड १२ मिमी, आट्यांचं अंतर १.२५. ह्युंदाई-होंडाचा स्टडही १२ मिमीच, पण अंतर १.५. असा नट हाताने दोन-तीन फेरे फिरतो आणि अडतो. गन त्याला तसाच रेटते, आटे कापत. वरून घट्ट वाटतो, चाक मात्र दाबलं जात नाही. आता मी कुठेही गेलो तरी पहिले पाच-सहा फेरे हाताने फिरवायला लावतो. पोरं हसतात, हसू देत.

घासण्याचं कारण चाकाच्या आत कोरलेलं होतं, ‘ईटी २५’. हा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर येतं. वर टायर घातले १७५/६५, जुन्यापेक्षा उंचीला दोन सेंटीमीटर मोठे. याच वॅगन-आरच्या वरच्या मॉडेलला कंपनी १४ इंचीच द्यायची, पण १५५/६५ टायर घालून, म्हणजे एकूण उंची जवळपास तेवढीच राहायची. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर टायरचा साइज असतो. तो मी नऊ वर्षांत एकदाही वाचला नव्हता.

टायर तरी नवे असतील? बाहेरच्या अंगाला टायर बनवल्याची तारीखच दिसेना. मोबाईलचा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. आतल्या बाजूला १११७. म्हणजे २०१७ चा अकरावा आठवडा. तारखेची बाजू चौघांचीही आत. एखादा टायर चुकून असा बसेल, चारही चुकून बसत नाहीत.

दुकानात गेलो तर म्हणाला, ‘बिल दाखवा.’ यूपीआयचे पैसेही तिसऱ्याच नावावर गेलेले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, नंबर मिळाला आहे, पुढे अजून काही नाही.

स्टड बदलले आणि जुन्या लोखंडी डिस्क शोधत फिरलो. दुसऱ्या एका जुन्या मालाच्या दुकानात मिळाल्या, मूळ नटांसकट. त्याने ३,६०० सांगितले, टायरशिवाय. उलटून पाहिलं तर एका डिस्कवर व्हॉल्व्हशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका. दोन वर्षांपूर्वी स्टेपनी ओळखू यावी म्हणून लेकीने लावलेला. घासाघीस करून ३,२०० ला घेतल्या.